धोंडा, पाणी आणि मोकळी जागा

घोडेगावाहून भीमाशंकरच्या वाटेला लागलं की शिनोली येतं आणि पुढे डिंभे धरण. या टप्प्यात घोड नदी नुकतीच सह्याद्रीच्या कुशीतून बाहेर पडलेली असते. पाणी ओसरलं की पात्रात जे उघडं पडतं, ते जरा थांबून पाहावं. एखादा मोठा धोंडा, त्याचा माथा प्रवाहाच्या दिशेला झुकलेला. त्याच्या आडोशाला दोन-तीन लहान दगड, तेही त्याच अंगाला कललेले. दगडांच्या पाठीमागे साठलेली वाळू आणि वाळूच्या कडेनं जमिनीला चिकटून वाढलेलं बारीक गवत. कोणता दगड किती रुतेल, वाळू कुठे थांबेल आणि हिरवळ कुठवर सरकेल, हे सगळं पुराच्या पाण्यानं ठरवलेलं असतं.

हीच रचना काचेच्या टाकीत उभी करण्याची एक जपानी कला आहे. तिचं नाव इवागुमी. दगड, जमिनीलगत पसरणारी एखाद-दुसरी वनस्पती, एकाच जातीच्या माशांचा छोटा थवा आणि भरपूर मोकळं पाणी, एवढाच तिचा पसारा. रंगीत खडे नाहीत, प्लॅस्टिकचे किल्ले नाहीत, बुडबुडे सोडणारा पेटारा नाही. या कलेचं बरंचसं साहित्य आणि तिला लागणारी बरीचशी जाण आंबेगाव-जुन्नरच्या माणसाकडे आधीपासून आहे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. टाकीत वस्तू कमी म्हणून काम कमी, असं समजून जो उतरतो त्याची टाकी महिन्याभरात शेवाळानं भरते. इथली मोकळी जागा रोजच्या हातानं राखावी लागते.

मराठी माणसाची मत्स्यालयाशी पहिली ओळख बहुधा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात झालेली असते. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झालं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांच्या सहली तिथे जात राहिल्या. तिथे पाहायचे ते मासे. दगड आणि झाडं त्यांच्या मागचा पडदा. ताकाशी आमानो या जपानी माणसानं हा क्रम उलटा केला. १९५४ साली निइगाता प्रांतात जन्मलेले आमानो आधी सायकल शर्यतींचे व्यावसायिक खेळाडू होते, नंतर निसर्गछायाचित्रकार झाले. मोठ्या आकाराच्या फिल्मचा कॅमेरा घेऊन ते ॲमेझॉन, बोर्निओ आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलांत फिरले. १९८२ मध्ये त्यांनी ‘ॲक्वा डिझाइन आमानो’ ही कंपनी काढली आणि टाकी म्हणजे पाण्याखालचा एक भूप्रदेश, ही दृष्टी जगभर पोचवली. त्यांचं शेवटचं मोठं काम पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या मत्स्यालयात आहे: ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटर पाण्याचं. एप्रिल २०१५ मध्ये ते खुलं झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमानो गेले. त्या टाकीसाठी अझोर्स बेटांवरून २५ टन ज्वालामुखीचा दगड आणला होता. हा तपशील इथल्या वाचकानं लक्षात ठेवावा, कारण शिनोलीच्या पायाखालचा दगडही ज्वालामुखीचाच आहे.

इवागुमीचं मूळ बागेत आहे. अकराव्या शतकातल्या ‘साकुतेइकी’ या जपानी उद्यानग्रंथात दगड कसे मांडावेत याचा सविस्तर विचार आहे. टाकीत त्यातूनच चार प्रकारचे दगड आले. ओयाइशी हा मुख्य दगड, सर्वांत मोठा आणि सर्वांत देखणा. फुकुइशी त्याचा जोडीदार, पोताला आणि रंगाला त्याच्यासारखा, उंचीला कमी. सोएइशी मुख्य दगडाला आधार देणारा. आणि सुतेइशी, जवळजवळ झाडीत लपून जाणारा लहान दगड, जो आहे हे नीट पाहिल्यावरच कळतं. एकूण दगड विषम संख्येत ठेवतात, तीन, पाच किंवा सात. सम संख्येत डोळा आपोआप जोड्या लावतो आणि रचना दुभंगते. चार नावं पाठ केली म्हणून टाकी जमत नाही. पण ती माहीत असली की हातातल्या दगडाकडे पाहताना प्रश्न बदलतो: हा दगड सुंदर आहे का, याऐवजी हा या गटात कोण आहे, असं माणूस विचारू लागतो.

आता दगड. जपानमध्ये सेइर्यू नावाचा निळसर-करडा, पांढऱ्या शिरांचा दगड प्रसिद्ध आहे आणि भारतातल्या दुकानांत त्याच नावाखाली तशाच दिसणाऱ्या दगडांना चांगला भाव येतो. त्यातले बरेच चुनखडीच्या जातीचे असतात. ते पाण्यात हळूहळू चुना सोडतात आणि पाणी जड करतात. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तसं करत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून हा मुलूख तयार झाला. शिवनेरी त्याच दगडाचा आणि जुन्नरभोवतीची बौद्ध लेणी त्याच दगडात कोरलेली. टाकीच्या पाण्याच्या दृष्टीनं घट्ट बेसाल्ट जवळजवळ निष्क्रिय आहे.

मात्र सगळा काळा दगड एकसारखा नसतो, हे विहीर खणणारा माणूस पुस्तकाशिवाय सांगतो. आधी मुरूम लागतो, मग कुठे मांजऱ्या खडक, कुठे काळा फत्तर, मधेच एखादा तांबडा थर. मांजऱ्यात लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या असतात आणि त्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या असतात. बहुतेक वेळा ते झिओलाइट असतं आणि त्याची भीती नाही, पण काही पोकळ्यांत कॅल्साइट असतं आणि ते चुना सोडतं. तांबडा थर तर टाकीत नकोच. तो पाण्यात विरघळतो आणि पाणी गढूळ करतो. कोरड्या दगडावर, मुख्यतः पांढऱ्या ठिपक्यांवर, व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला तर दगड बाजूला. शंका उरलीच तर दगड आठवडाभर पावसाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा आणि आधी-नंतर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मोजावा. आकडा जेमतेम हलला तर दगड चालतो.

दगड आणायचे कुठून? नदीचं पात्र उकरण्याची मुळीच गरज नाही. वाळू-दगडाच्या उपशानं आपल्या नद्यांची आधीच पुरती दैना केली आहे. शेताच्या बांधावर विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या दगडांचे ढीग वर्षानुवर्षं पडून असतात. त्यातले जुने दगड उन्हापावसानं कडा बोथट होऊन, वर गंजाची तांबूस झाक येऊन देखणे झालेले असतात. एका टाकीला पाच दगड पुरतात, पण ते निवडायला तीस तरी उलटसुलट करून पाहावेत. सगळे एकाच ढिगाऱ्यातले असले तर उत्तम, कारण दोन विहिरींचे दगड शेजारी ठेवले की रंगातला फरक काचेमागे लगेच बोचतो.

रचनेचा सराव टाकीबाहेर करावा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच ही जगभर रूढ असलेली टाकी धरली, तर तिच्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्यात वाळू भरावी आणि दगड मांडून पाहावेत. मुख्य दगड मध्यावर नको. एका बाजूपासून साधारण २३ आणि दुसऱ्या बाजूपासून ३७ सेंटिमीटर ही जागा सुवर्ण गुणोत्तराच्या जवळ जाते. त्याची उंची पाण्याच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचावी आणि त्याचा चांगला तिसरा हिस्सा मातीत जावा. वरवर ठेवलेला दगड ठेवलेलाच दिसतो. पुढच्या काचेशी माती तीन सेंटिमीटर आणि मागे दहा ते बारा ठेवली, की एवढ्याशा जागेत दूरवर चढत गेलेल्या माळाचा भास होतो.

दगडांचा कल एकाच दिशेला हवा, आणि ही गोष्ट शिकायला निघोजला जावं. पारनेर तालुक्यातल्या निघोजजवळ कुकडी नदीनं बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून घट्ट कातळात माणूस उभा राहील असे रांजण झाले. तिथे दगडाची प्रत्येक कड पाण्याची वाट सांगते. एकही रेघ प्रवाहाविरुद्ध नाही. टाकीतली रचना खोटी वाटते तेव्हा बहुतेक वेळा एखादा दगड असा उलट्या अंगानं बसलेला असतो.

हिरवळीसाठी इवागुमीत ग्लोसोस्टिग्मा, मॉन्टे कार्लो, ‘क्यूबा’ नावानं मिळणारी इवल्या पानांची हेमिअँथस आणि केसांसारखी एलिओकॅरिस या वनस्पती वापरतात. आणखी एक आहे, युट्रिक्युलॅरिया ग्रॅमिनिफोलिया, गवतासारखी दिसणारी. ती मूळची आपल्याकडचीही आहे. तिच्या कुळातल्या ‘सीतेची आसवे’ श्रावण-भाद्रपदात कातळपठारांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे मांडतात. अंगावरच्या सूक्ष्म पिशव्यांत ती पाण्यातले बारीक जीव पकडते आणि नत्राची गरज भागवते. कातळावर माती बोटभरही नसते, म्हणून ही सोय. शेजारी गेंदाची पांढरी बोंडं, म्हणजे एरिओकॉलॉन. पावसाळ्यात पठारावरचं एखादं उथळ डबकं वाकून पाहिलं तर तळाला काळा कातळ, त्यावर नखाएवढ्या पानांची हिरवी चादर आणि वर वीतभर स्वच्छ पाणी दिसतं. आमानोंनी काचेत जे रचलं, त्याच्या इतकं जवळचं निसर्गातलं चित्र शोधूनही मिळणार नाही.

म्हणूनच ते तिथून उचलायचं नाही. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे आणि तिथलं रोपटं उपटणं हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ही डबकी चार महिन्यांची असतात, त्यांतल्या काही जाती जगात फक्त सह्याद्रीत आहेत, आणि उपटलेलं रोप घरच्या टाकीत बहुधा आठवडाभरात कुजतं. २०१२ मध्ये कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते याच श्रीमंतीमुळे. टाकीसाठी टिश्यू कल्चरच्या डबीत वाढवलेली रोपं मिळतात. टिश्यू कल्चरची केळी लावणाऱ्या भागात ती पद्धत समजावून सांगायला नको. या रोपांसोबत गोगलगायी आणि शेवाळ येत नाही, हा वेगळा फायदा.

सर्वांत अवघड असतो पहिला महिना. पाण्यातल्या रोपांसाठी विकली जाणारी भाजलेल्या मातीच्या दाण्यांची खतयुक्त माती सुरुवातीला अमोनिया सोडते. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. झाडांनी गच्च भरलेल्या टाकीत झाडंच तो अमोनिया खाऊन टाकतात. इवागुमीत झाडं चिमूटभर आणि प्रकाश मात्र थेट तळापर्यंत, त्यामुळे शेवाळाला मोकळं रान मिळतं. उपाय एकच, पाणी बदलणं. पहिल्या आठवड्यात रोज, दुसऱ्यात दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, प्रत्येक वेळी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. दिवा सुरुवातीला सहाच तास. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दगडांवर तपकिरी भुकटी चढते. ती डायटम या सूक्ष्म शेवाळाची असते, दातांच्या मऊ ब्रशनं निघते आणि टाकी स्थिरावली की थांबते. या टप्प्यावर घाबरून औषधं ओतणाऱ्यांच्याच टाक्या जास्त बिघडतात.

कार्बन डायऑक्साइडशिवाय हिरवळ जमिनीलगत पसरत नाही, ती प्रकाश शोधत उंच होते. पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास हा वायू लागतो. सिलिंडर, दाब नियंत्रक आणि विजेवर चालणारी झडप ही चांगली सोय. साखर आणि यीस्टची बाटली हा स्वस्त पण लहरी मार्ग. टाकीत टांगलेल्या काचेच्या छोट्या तपासणीकुपीतलं द्रावण निळं असेल तर वायू कमी, हिरवं असेल तर बरोबर, पिवळं झालं तर माशांना धोका. दिव्याच्या तासभर आधी वायू सुरू आणि दिव्याबरोबर बंद. रात्री वनस्पती स्वतःच हा वायू सोडतात.

पाण्याचा प्रश्न या भागात गावागावाला बदलतो. आहुपे-भीमाशंकरकडे पाऊस कोसळतो आणि मंचरकडे येईपर्यंत विरतो. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. बागायती पट्ट्यातल्या विहिरींत खताचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं. पत्र्यावरचं पावसाचं पाणी, पहिले दोन-तीन पाऊस वाहून गेल्यावर पिंपात धरलं, की जवळजवळ क्षाररहित मिळतं. ते बोअरच्या पाण्यात मिसळून हवा तेवढा जडपणा साधता येतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायलाच हवं, नाहीतर फिल्टरमधले जिवाणू मरतात.

खताच्या बाबतीत जुन्नरचा द्राक्ष बागायतदार किंवा नारायणगावच्या बाजाराला माल नेणारा टोमॅटो उत्पादक शहरातल्या कुठल्याही शौकिनापेक्षा पुढे आहे. महागड्या बाटल्यांतून ‘प्लांटेड टँक’चं खत म्हणून जे विकलं जातं, त्याची मुख्य द्रव्यं कृषी सेवा केंद्राच्या फळीवर असतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. दगडमाती वजा जाता ५० लिटर पाणी असलेल्या टाकीत एक ग्रॅम १३:०:४५ टाकलं तर नायट्रेट लिटरला सुमारे ११ ते १२ मिलिग्रॅमनं वाढतं. ०:५२:३४ ग्रॅमचा दहावा भागच पुरतो, त्यानं फॉस्फेट दीडच्या आत राहतं. अमेरिकेतले टॉम बार यांनी रूढ केलेली पद्धत याच हिशेबावर उभी आहे. खत थोडं सढळ घालायचं आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलून साठा मोडायचा.

पण ठिबकचं सगळं शहाणपण टाकीत चालत नाही. १९:१९:१९ टाकीत कधीही टाकू नये, कारण त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो; मासे गुदमरतात आणि शेवाळ माजतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी, हे बागायतदाराला बांधावरूनच कळतं. मात्र चुनखडीच्या जमिनीसाठी वापरतात ते ईडीडीएचए लोह पाणी लालसर करतं. टाकीसाठी डीटीपीए बरं. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तयार मिश्रणातलं तांबं शेवाळ खाण्यासाठी टाकीत सोडलेल्या झिंग्यांना घातक ठरतं. आणि फवारणीची बादली, मग किंवा नळी टाकीच्या कामाला लावायची नाही, कितीही धुतलेली असली तरी. कीटकनाशकाचा जो अंश माणसाच्या नाकाला जाणवत नाही, तो झिंग्यांची अख्खी वस्ती एका रात्रीत संपवतो.

एप्रिल-मे वेगळी परीक्षा घेतात. २० अंशांना पाणी लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं; ३० अंशांना ७.५. हिरवळीला २२ ते २६ अंश मानवतं आणि बाहेर पारा चाळिशीकडे गेलेला असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनानं दोन-चार अंश उतरतात, मात्र रोज पाणी घालावं लागतं, आणि ते पावसाचं, नाहीतर क्षार साचतात. वीज गेली की दिवा आणि वायू दोन्ही एकदमच थांबतात, त्यामुळे झाडांचं फार बिघडत नाही. बिघडतं फिल्टरचं. बंद डब्यातल्या जिवाणूंचा प्राणवायू संपतो आणि वीज आल्यावर सडलेलं पाणी टाकीत येतं. वीज काही तास गेली असेल तर आधी डबा उघडून स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्यावा, मग बटण दाबावं.

मासे शेवटी, आणि कमी. इवागुमीत एकच जात पोहते; दोन जाती आल्या की नजर दगडांवरून उडते. कार्डिनल टेट्रा ही नेहमीची निवड, पण ती दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रोच्या मऊ पाण्याची. आपल्या पाण्याला झेब्रा डॅनिओ जास्त सोसतो, आणि तो भारतीय आहे. तयार वाढवलेलेच घ्यावेत. केरळ-कर्नाटकच्या नद्यांतला तांबड्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब शौकिनांच्या मागणीपायी इतका पकडला गेला की आज तो संकटग्रस्त मानला जातो. २०१३ मध्ये त्याला ज्या नव्या प्रजातीत घातलं, तिचं नावच सह्याद्रिया आहे. शेवाळ खाण्यासाठी आमानोंनी प्रचारात आणलेले झिंगे त्यांच्याच नावानं विकले जातात; त्यांच्या पिल्लांना खारं पाणी लागतं, म्हणून टाकीत ते वाढत नाहीत. नेराइट गोगलगायी शेवाळ उत्तम साफ करतात, पण दगडांवर तिळाएवढी पांढरी अंडी घट्ट चिकटवतात. फिक्या दगडावर ती खपून जातात, काळ्या बेसाल्टवर मात्र प्रत्येक ठिपका लांबून दिसतो आणि खरवडूनही सहजी निघत नाही. बेसाल्टच्या टाकीत त्या न सोडलेल्या बऱ्या.

हिरवळ पसरली की कापणी सुरू होते. बाकदार कात्रीनं ती दीड-दोन सेंटिमीटरवर आणायची, दगडाच्या पायाशी आणखी खाली, म्हणजे दगड मोठा दिसतो. कापलेला प्रत्येक तुकडा जाळीनं लगेच काढायचा, नाहीतर तो फिल्टरच्या तोंडाशी कुजतो. कंटाळा करून कापणी लांबवली तर वरचा थर खालच्याला प्रकाश मिळू देत नाही. खालची मुळं सडतात, त्यांत वायू साठतो आणि एके दिवशी गालिच्याचा मोठा तुकडा सुटून वर तरंगतो. असं झालं तर तो भाग पूर्ण काढून, वरचे निरोगी शेंडे चिमट्यानं पुन्हा लावावे लागतात. काळजी घेतलेली टाकीही दोन-तीन वर्षांत मातीतलं अन्न संपून थकते आणि मोडावी लागते. तेव्हा माती आणि हिरवळ नवी लागते. दगड मात्र ब्रशनं घासून, उन्हात वाळवून पुन्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात मांडायला घेता येतात. दिवाळी झाली की पाणी थंड होऊ लागतं, शिवाय पावसाचं पिंपही भरलेलं असतं. नवी टाकी लावायला या मुलखात तोच काळ सर्वांत सोयीचा.